कंसातलं नाव

अर्ज रीतसर आला होता. ‘कारा’च्या, म्हणजे केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या पोर्टलवर अर्जदारानं स्वतः भरलेला. वय अठराच्या पुढचं, ओळखपत्र जोडलेलं, दत्तकाच्या वेळचा जिल्हा न्यायालयाचा हुकूमही जोडलेला. संस्थेत समाजसेविका असलेल्या प्राजक्तानं लोखंडी कपाटातून १९९५ ची फाइल काढली आणि जन्मदात्रीच्या रकान्यात वाचलं: लता, वय १९, अविवाहित, गाव फलटण तालुक्यातलं. जिल्हा बाल संरक्षण कक्षानं बोभाटा न करता गावात चौकशी केली. त्या नावाची मुलगी तर सोडाच, त्या आडनावाचं घरसुद्धा गावात कधी नव्हतं, असं उत्तर आलं.

म्हणजे प्राजक्ताचं काम सोपं झालं. २०२२ च्या दत्तक नियमावलीत अशा अर्जांची सोय आहे. कार्यालयात सगळे त्याला ‘रूट सर्च’च म्हणतात. सज्ञान दत्तक व्यक्तीला आपलं मूळ शोधायला मदत करायची. जन्मदात्यांनी मूल सोपवताना नाव गुप्त ठेवायला सांगितलं असेल तर त्यांची संमती घ्यायची. त्यांनी नकार दिला किंवा ते सापडलेच नाहीत, तर मूल का आणि कोणत्या परिस्थितीत सोपवलं गेलं, तेवढं सांगायचं. प्राजक्तानं मसुदा केला: ‘जन्मदात्री सापडत नाही.’ खाली परिस्थितीच्या ओळी. कुमारी माता, घरचा आधार नाही, मूल वाढवण्याची ऐपत नाही. त्या ओळी इतक्या सरधोपट होत्या की कपाटातल्या कुठल्याही फाइलला चालल्या असत्या.

एका सहीची खातरजमा तेवढी राहिली होती, म्हणून तिनं सुमनताईंना फोन केला. सुमनताई निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेली. “हो, माझीच सही,” एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कार्यालय उघडायच्या आधी स्वतः दारात हजर.

“उत्तरात काय लिहिलंयस?”

“सापडत नाही म्हणून.”

“बरोबर आहे,” सुमनताई म्हणाल्या. “ती सापडणारच नाही. लता नावाची कुणी नव्हतीच.”

इथे वाचकाला एक सांगून ठेवतो. या गोष्टीतली माणसं मी रचलेली आहेत, कायदे रचलेले नाहीत. आणि जिला कागदावर लता म्हटलं गेलं, तिचं खरं नाव मला ठाऊक असलं तरी मी ते इथे लिहिणार नाही. गावाचंही नाही. ते ज्याला कळायला हवं त्याला कळलं. बाकी आपण सगळे गावच.

ती आली तेव्हा सातवा महिना सरत आला होता. माणदेशातून दोन एसट्या बदलून मावशीनं आणून सोडलेली. त्या काळी संस्थेत आलेल्या मुलीकडे कुणी ओळखपत्र मागत नसे. आधार कार्ड यायला अजून पंधरा वर्षं होती. मुलगी दाराशी आली की आधी पाणी द्यायचं, बसवायचं, मग नोंदवही उघडायची. आणि नाव विचारताना सुमनताई हलकेच म्हणायच्या, “खरंच सांगायला हवं असं नाही हं.” त्यांच्या लेखी ती दयाच होती. पुढेमागे कुणाच्या हाती वही लागली, कुणी दीर, कुणी सासरा चौकशीला आला, तर कागदच मुलीवर उलटायला नको. त्या नव्या समाजसेविकांना शिकवायच्या तेव्हा सुरुवात जोतीराव-सावित्रीबाईंपासून करायच्या. फसवल्या गेलेल्या विधवांना त्या दोघांनी पुण्यात स्वतःच्या दारी आसरा दिला, गुप्तपणे बाळंत होऊन जा म्हणून सांगितलं. तेवढं सांगून त्या थांबत. त्याच घरात वाढलेला दत्तक यशवंत विधवेचा मुलगा होता आणि ते जोतीरावांनी दडवून ठेवलं नव्हतं, हा उरलेला भाग सुमनताईंच्या पाठात कधी यायचा नाही. मुद्दाम गाळला असंही नाही. आपल्याला हवी तेवढीच गोष्ट आपण लक्षात ठेवतो.

बाळंतपणानंतर महिन्याभरानं मावशी लताला न्यायला आली. निघताना लतानं सुमनताईंचा हात घट्ट धरला होता. “कुणाला कळणार नाही,” सुमनताई म्हणाल्या. “माझा शब्द आहे.” पुढे तान्ह्या मुलीला नाशिकचं घर मिळालं. जन्मदाखला नवीन आईवडिलांच्या नावानं निघाला. फाइल कपाटात गेली.

“तुम्हाला खरं नाव आठवतंय?” प्राजक्तानं विचारलं.

“नाव, गाव, ती आता कुठं असते, सगळं. तिची मावशी माझ्या माहेरच्या गल्लीतली.”

प्राजक्ता काही बोलली नाही. सुमनताईच म्हणाल्या, “पण फाइलमध्ये नाही ना ते? मग तुझं उत्तर नियमाला धरूनच आहे. पाठवून दे.”

त्या म्हणत होत्या ते खरंच होतं. कायदा फार तर कपाट उघडू शकतो. कपाटातल्या कागदावरच खोटं असेल, तर सगळे नियम पाळून, सगळ्या सह्या-शिक्क्यांनिशी ते खोटंच अर्जदाराच्या हातात पडतं. आणि कुणावर ठपकाही येत नाही. प्राजक्तानं उत्तर पाठवलं नाही, मात्र मोडीतही काढलं नाही. नियमाप्रमाणे अर्जदाराला समुपदेशनासाठी बोलावलं आणि सुमनताईंना म्हणाली, “त्या दिवशी नुसत्या येऊन बसा.”

केतकी आईला घेऊन आली. तीस वर्षांची, नाशिक जिल्ह्यात तलाठी. (आता त्या पदाला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण पारावर अजून तलाठीच.) आई निवृत्त शिक्षिका, हातात डबा, पाण्याची बाटली आणि प्लास्टिकच्या पिशवीत सगळ्या कागदांच्या दोन-दोन झेरॉक्स. डोळ्याला पदर लावणारी मायलेकींची जोडी येणार असं सुमनताईंनी धरलं होतं. या दोघी सातबारा घ्यायला आल्यासारख्या बसल्या.

“तुम्हाला हे का हवंय?” प्राजक्तानं छापील प्रश्न विचारला.

“रोज माझ्याकडे माणसं येतात,” केतकी म्हणाली. “आजोबांची जमीन, चुलत्यानं केलेली वाटणी, पन्नास सालचा फेरफार. मी काढून देते. सातबाऱ्यावरून नाव कमी झालं तरी आम्ही ते नाहीसं करत नाही, कंस करतो. शेजारी फेरफाराचा नंबर असतो. आधी कोण होतं, कशानं कमी झालं, नवं नाव कसं लागलं, सगळं मागे मागे जाऊन बघता येतं. पंधरा रुपयांत उतारा मिळतो, आणि जमीन स्वतःची असायलाही लागत नाही. माझ्या जन्मदाखल्यावर आईचं नाव आहे, बाबांचं आहे, आणि जन्मठिकाण म्हणून असं एक प्रसूतिगृह आहे जिथं आईनं कधी पाऊल टाकलेलं नाही. फेरफार झाला, तो मला मान्य आहे. माझी आई हीच. पण जुनं नाव कंसात तरी ठेवायचं होतं.”

आईनं मान हलवली. “मी हिला म्हटलं, लग्नाचं बघायच्या आधी एकदा विचारून घे.”

“त्यातही गंमत आहे,” केतकी म्हणाली. “१९५६ चा दत्तक कायदा मी वाचला. दत्तक गेलेलं मूल सगळ्या बाबतींत नव्या घरचं, जुन्या घराशी संबंध संपला. पण जुन्या घरात राहिलं असतं तर ज्यांच्याशी लग्न करता आलं नसतं, त्यांच्याशी आताही करायचं नाही. कलम बारा. आता मला सांगा, कुणाशी करायचं नाही ते ज्या कागदात आहे, तो तुमच्या कपाटात. मी कायदा पाळू कसा?”

प्राजक्ताला हसू आलं. सुमनताईंना आलं नाही.

“आणि ‘सापडत नाही’ असं उत्तर येतं म्हणे पुष्कळांना,” केतकी पुढे म्हणाली. “मला एवढंच कळू दे, शोधून सापडली नाही, की शोधलंच नाही?”

सुमनताई आत्तापर्यंत कोपऱ्यातल्या खुर्चीत होत्या. त्या म्हणाल्या, “महिनाभर थांबशील, बाळ?”

त्या दोघी गेल्यावर कार्यालयात चांगलंच वाजलं. सुमनताईंचं म्हणणं, शब्द म्हणजे शब्द. त्या पोरीचा संसार आहे, नवरा आहे, दोन मुलगे आहेत. आपण तिच्या दारात जायचं म्हणजे तिनं तीस वर्षं बांधलेलं घर हलवायचं. प्राजक्ताचं म्हणणं, नियम तरी काय सांगतात? संमती विचारा. विचारल्याशिवाय नकार धरून चालायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?

सुमनताईंची भीती काही त्यांची एकटीची नाही. जगभर ज्या ज्या ठिकाणी ही कपाटं उघडायची वेळ आली, तिथे आधी हीच भीती उभी राहिली. स्कॉटलंडनं १९३० च्या दत्तक कायद्यातच सज्ञान दत्तकाला मूळ जन्मनोंद पाहू दिली आणि काही आकाश कोसळलं नाही. शेजारच्या इंग्लंडनं मात्र १९२६ ला दत्तक कायदा केला तो दार लावूनच, आणि ते उघडायला १९७५ साल उजाडलं. तेव्हा तिथल्या वर्तमानपत्रांतून मोठा गहजब झाला. जुन्या आयांच्या दारात मुलं उभी राहतील, पैसे उकळतील, संसार मोडतील. म्हणून कायद्यातच तडजोड घातली: कायद्याच्या आधी दत्तक गेलेल्यांनी नोंद बघण्यापूर्वी एकदा समुपदेशकाला भेटायचं. आलेली बहुतेक माणसं केतकीसारखीच निघाली. त्यांना कुणाचं घर मोडायचं नव्हतं, स्वतःच्या आयुष्याचं पहिलं पान वाचायचं होतं.

अमेरिकेत बहुतेक राज्यांनी विसाव्या शतकाच्या मधल्या काळात मूळ दाखले मोहोरबंद केले. कॅन्सस आणि अलास्का यांनी कधीच केले नाहीत. ऑरेगनमध्ये १९९८ साली लोकांनी थेट मतदान करून ते उघडले. काही आयांनी न्यायालयात अडवून पाहिलं, शेवटी २००० साली कायदा अमलात आला. मला तिथली एक गोष्ट फार शहाणपणाची वाटते. आईला तिथे एक फॉर्म भरता येतो. भेट चालेल, मध्यस्थामार्फत चालेल, की नको, यांतलं एक निवडायचं. ती ‘नको’ म्हणाली तरी मुलाला दाखला मिळतोच. आयर्लंडनं मठांच्या प्रसूतिगृहांतला सगळा काळोख उपसून झाल्यावर २०२२ साली जो कायदा केला, त्याचाही गाभा हाच. भेटायचं की नाही हे दोघांनी ठरवायचं. जन्माची नोंद ज्याच्या जन्माची, त्याची.

आपल्याकडे अजून या दोन गोष्टींची गाठ सुटलेली नाही. आई ‘नको’ म्हणाली की तिच्या भेटीबरोबर तिचं नावही जातं. सर्वोच्च न्यायालयानं १९८४ साली लक्ष्मीकांत पांडे खटल्याच्या निकालात परदेशी जाणाऱ्या मुलांबद्दल लिहिताना म्हटलं होतं की मूल जाणतं झाल्यावर त्याला जन्मदात्यांची माहिती द्यायला फारशी हरकत नसावी. पण ती द्यायची की नाही हे सोपवलं दत्तक आईवडिलांच्या मर्जीवर. म्हणजे मूल जाणतं झालं तरी किल्ली दुसऱ्याच कुणाच्या कमरेला.

हे सगळं प्राजक्तानं सुमनताईंना सांगितलं का? थोडंफार सांगितलं. सुमनताईंवर त्याचा परिणाम झाला असं मला वाटत नाही. त्यांच्या डोक्यात राहिला तो केतकीचा प्रश्न: शोधून सापडली नाही, की शोधलंच नाही?

चैत्र संपत आला होता. मसाल्याचे दिवस. दोन किलो ब्याडगी, किलोभर संकेश्वरी, धणे, तीळ, खोबरं अशी पिशवी भरून सुमनताई आणि प्राजक्ता माणदेशातल्या त्या तालुक्याच्या गावी उतरल्या. बाजाररस्त्याला लताचा मिरची कांडपाचा गाळा आहे. पुढे गल्ल्याला धाकटा मुलगा, मागे दोन डंक, हवेत असा खकाणा की आत पाऊल टाकतानाच ठसका लागावा. बाहेर बायका पदर नाकाला लावून नंबराला बसलेल्या.

सुमनताईंनी पिशवी पुढे केली. लतानं मिरची हातात घेऊन देठ बघितले आणि मान वर न करता म्हणाली, “बाई, तुमचा चष्मा बदलला की.”

मग तिनं बंद असलेला दुसरा डंकही चालू केला. लोखंडी मुसळं दणादण आपटायला लागली. आता शेजारी उभं राहिलं तरच बोललेलं कळावं.

“हाय न्हवं ती?”

“आहे. छान आहे. तलाठी आहे.”

“तलाठी?” लता हसली. “आमच्या हितला तलाठी जाग्यावर सापडंल तर शपथ.”

हसता हसता तिनं डोळे पुसले, पण मिरचीच्या गाळ्यात सगळेच डोळे पुसतात. प्राजक्तानं खुलासा केला: मुलीनं अर्ज केलाय, तुमची संमती असेल तरच नाव देणार, नसेल तर आम्ही इथे आलोच नव्हतो. सुमनताई मध्येच म्हणाल्या, “मी तुला शब्द दिला होता, कुणाला कळणार नाही म्हणून. तू नको म्हण, मी आल्या पावली जाते.”

लतानं हातातली मिरची उखळात सोडली.

“गावाला कळू नये म्हणलं व्हतं मी. लेकराचं कुठं म्हणलं व्हतं?”

सुमनताईंकडे उत्तर नव्हतं.

“आन् बाई, नाव तर मी पहिल्याच दिशी खरं सांगितलं व्हतं. तुमीच म्हणला, दुसरं सांग. मला दुसरं सुचंना. तवा लता तुमीच लिवलं.” तिचा आवाज चढला नाही, डंकाच्या आवाजात चढवून उपयोगही नव्हता. “वरसं झाली, माझ्या लेकीच्या कागदावर दुसऱ्याच बाईचं नाव हाय. ह्ये मला रातचं आठवतं. बाकीचं सोसलं की मी.”

सुमनताई इतकी वर्षं ही आठवण वेगळी धरून होत्या. त्यांच्या आठवणीत मुलगीच हात जोडून म्हणत होती, नाव नका लिहू. कोणती आठवण खरी हे सांगणारा तिसरा माणूस आता नाही. पण नोंदवहीतलं अक्षर सुमनताईंचं होतं.

“मग संमती आहे म्हणू?” प्राजक्तानं विचारलं.

“खरं नाव सांगा. गाव सांगा. माझ्या आईला साखर हाय, आन् बा काचबिंदूनं आंधळा झाला, त्ये बी लिवा. डोळं तपासून घे म्हणावं, वेळच्या वेळी.” ती थांबली. गल्ल्यावरून मुलगा वळून बघत होता, तर त्याला हातानंच ‘झालंच’ म्हणून खुणावलं. “पर हितं यिऊ नको म्हणावं. ह्यास्नी म्हाईत न्हाई, पोरास्नी म्हाईत न्हाई. अजून न्हाई.”

“आणि वडिलांचं?”

“त्याचं मी सांगणार न्हाई.”

प्राजक्तानं विचारलंही नाही का म्हणून. धण्याच्या पोत्यावर कागद ठेवून लतानं सही केली. पूर्ण नाव, माहेरच्या आडनावासकट. सावकाश, एकेक अक्षर. कांडपाचे पैसे मात्र तिनं मोजून घेतले, कारण मुलगा बघत होता.

परतीच्या एसटीत प्राजक्ता म्हणाली की तिला आत्तापर्यंत वाटायचं, आया दोनच उत्तरं देतात, हो किंवा नाही. सुमनताई खिडकीबाहेर बघत होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, आणि पुढचे आठ-दहा दिवस त्यांनी कुणाचा फोनही घेतला नाही.

कागद द्यायच्या दिवशी मात्र त्या आल्या. केतकीनं नाव वाचलं. पुन्हा वाचलं. गावाच्या नावावर बोट ठेवून विचारलं, “हे आटपाडीच्या अलीकडे की पलीकडे?” त्या प्रश्नाचं उत्तर प्राजक्तानं दिलं. काचबिंदूची ओळ आली तेव्हा आईनं लगेच पिशवीतून वही काढून टिपून घेतलं आणि म्हणाली, “उद्याच डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेते.” तिनं मग बराच वेळ लेकीच्या पाठीवर हात ठेवला होता. त्या हाताबद्दल मी जास्त लिहीत नाही.

“भेटायला येऊ नको म्हणाल्या आहेत,” प्राजक्तानं सांगितलं. “सध्या तरी.”

“बरं,” केतकी म्हणाली.

नाव हातात, गाव हातात, आणि ही बाई महसूल खात्यातली. घर शोधायला तिला एक दुपार पुरली असती. तिनं शोधलं नाही. एका पाकिटात स्वतःचा फोन नंबर आणि चार ओळी लिहून ते फाइलमध्ये ठेवायला दिलं, त्यांनी कधी विचारलं तरच द्या म्हणून.

तेवढ्यात सुमनताई म्हणाल्या, “आधीचं नाव खोटं होतं. ते मी लिहिलं होतं.”

केतकी त्यांच्याकडे बघत राहिली. “तुम्ही भल्यासाठीच केलं असणार,” ती म्हणाली. “पण समजा, गेल्या वर्षी तुमचं काही बरंवाईट झालं असतं, तर? आज माझ्या हातात लता पडली असती. मी आयुष्यभर फलटण तालुक्यात लता शोधत फिरले असते. आणि त्या तिकडे वाट बघत.”

हे ती रागानं बोलली नाही, माफ केलं असंही म्हणाली नाही. जाताना प्राजक्ताला एवढंच म्हणाली की जुनं पान फाडू नका. खोटं नावही राहू दे, कंस करा, आणि शेजारी खरं काय ते, कधी कळलं, कुणी सांगितलं, तारखेसकट लिहा.

त्या दुपारी सुमनताई घरी गेल्या नाहीत. त्यांनी प्राजक्ताला कपाट उघडायला सांगितलं. स्वतःच्या अक्षरातल्या नोंदवह्या काढल्या आणि एकेक पान उलटत बसल्या. लता एकटी नव्हती. ‘सुनंदा’ होती, ती खरी कोण ते त्यांना आठवत होतं. ‘मंगल’ आठवत होती. ‘शोभा’पाशी त्या अडल्या, चेहरा आठवला, गालावरचा देवीचा व्रण आठवला, नाव येईना. आठवेल तसं त्या सांगत गेल्या आणि प्राजक्ता वेगळ्या कागदावर लिहून, लखोटा बंद करून, ज्या त्या फाइलला जोडत गेली. कुणी अर्ज केला तर त्या बाईला आधी विचारता तरी यावं, म्हणून. काही लखोट्यांत नुसतं गाव. काहींत नुसतं ‘वडील रेल्वेत’. काही फाइलींना जोडायला काहीच नव्हतं.

आठवड्यातून एक दिवस असं चाललंय. परवा ‘शोभा’ची फाइल पुन्हा पुढे आली तेव्हा प्राजक्ताला तिच्यात आवक-जावकचा एक कागद सापडला. शोभाच्या मुलानं दोन वर्षांपूर्वी अर्ज केला होता. ‘जन्मदात्री सापडत नाही’ असं उत्तर त्याला गेलंय, खाली त्याच सरधोपट ओळी, खाली प्राजक्ताची सही.

सुमनताईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “तिची आत्या बार्शीला नर्स होती,” त्या म्हणाल्या. “एवढं नक्की आठवतंय. बार्शीलाच.”

प्राजक्तानं नवीन कागद घेतला आणि अर्जदाराचं नाव, पत्ता, संदर्भ क्रमांक घालून पत्राला सुरुवात केली: आपल्याला पूर्वी पाठवलेलं उत्तर अपुरं होतं.